नगरचीं दोन व्याख्यानें आणि एक विद्यार्थी

सावेडी हें एके काळीं नगर शहराच्या उत्तरेस, मनमाडच्या रस्त्याला लागून असलेलें, शेतांनीं वेढलेलें खेडें होतें. आतां तें शहरांत इतकें मिसळून गेलें आहे कीं, वेस कोठें संपली आणि सावेडी कोठें सुरू झाली हें नव्या माणसाला सांगतां यावयाचें नाहीं. शहराचें नांवहि आतां अहिल्यानगर झालें आहे. पण मी ज्या काळाविषयीं बोलणार आहें त्या काळचें नांवच या भाषणांत ठेवतों. माझें बिऱ्हाड सावेडींत आहे. गेल्या पावसाळ्यांत प्रेमदान चौकाच्या बाजूनें एक महाविद्यालयीन विद्यार्थी रोज सायंकाळीं माझ्याकडे येऊं लागला. बगलेंत एक जाड वही, आणि चेहऱ्यावर कर्ज फिटत नसलेल्या माणसाची कळा! त्याला एक प्रबंध लिहावयाचा होता. विषय असा : राजकीय भाषणांत वक्ता श्रोत्यांचें मन कसें वळवितो?

विषय त्यानें हौसेनें घेतला होता. त्याचें कारण त्यानें मला तिसऱ्या दिवशीं सांगितलें. एका निवडणुकीच्या सभेंत तो गेला होता. वक्त्याचें भाषण ऐकून त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले, त्यानें टाळ्या वाजविल्या, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. घरीं येऊन जेवावयास बसल्यावर आजीनें सहज विचारलें, "काय म्हणाला रे तो?" आणि याला एकहि मुद्दा सांगतां येईना. त्या रात्रीं त्याला झोंप आली नाहीं. "सर, मला कोणीतरी हातांत धरून हलवलं आणि मला कळलंसुद्धां नाहीं," असें तो म्हणाला. तेव्हां हा अभ्यास म्हणजे त्याला केवळ परीक्षेची बाब राहिली नव्हती. आपण फसलों होतों कीं पटवून घेतलें होतें, याचा त्याला निकाल लावावयाचा होता.

मीं त्याला म्हटलें, "जिवंत वक्त्यांवर एकदम जाऊं नकोस. तुझ्याच गांवांत झालेलीं आणि ज्यांचा न्यायासनासमोर काथ्याकूट झाला अशीं दोन व्याख्यानें आहेत. तीं घे." तीं व्याख्यानें लोकमान्य टिळकांचीं. ३१ मे १९१६ आणि १ जून १९१६ या दोन दिवशीं तीं नगरास झालीं. त्यांच्याआधीं महिनाभर, १ मे रोजीं, बेळगांवीं एक व्याख्यान झालें होतें. त्या तिन्हींवर मिळून सरकारनें कारवाई केली. तोंवर राजकीय वक्तृत्वाचें इतकें बारीक वाचन आपल्याकडे फार थोड्या वेळां झालें असेल. आणि तें करणारे लोक साहित्याचे पंडित नव्हते. गुप्त पोलीस, सरकारी भाषांतरकार, एक मॅजिस्ट्रेट आणि हायकोर्टाचे दोन न्यायमूर्ति असे ते होते.

त्या दिवसांची थोडी आठवण देणें जरूर आहे. मंडालेची सहा वर्षांची शिक्षा भोगून टिळक जून १९१४ मध्यें सुटून आले होते. वय साठीला टेकलें होतें, मधुमेहानें शरीर पोखरलें होतें. २८ एप्रिल १९१६ रोजीं बेळगांवच्या प्रांतिक परिषदेच्या वेळीं होमरूल लीग स्थापन झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष आणि नरसिंह चिंतामण केळकर चिटणीस. लीगचा पहिला प्रचार म्हणजे हीं व्याख्यानें. ध्वनिक्षेपक त्या वेळीं नव्हता. हजारोंच्या जमावाला उघड्या छातीनें ऐकूं जाईल असें बोलावयाचें, म्हणजे वाक्य आंखूड हवें, मुद्दा पुनःपुन्हा यावयास हवा. वाचतांना जी पुनरुक्ति आपल्याला कंटाळवाणी वाटते, तिचें अर्धें कारण वक्त्याच्या फुफ्फुसांत असतें. हें आमच्या विद्यार्थ्याच्या ध्यानांत आलें नव्हतें. त्यानें प्रत्येक पुनरुक्तीपुढें "भावनेला आवाहन" असा शेरा मारून ठेवला होता.

त्याची वही मीं पाहिली. पानें उभ्या रेघांनीं आंखलेलीं. एका रकान्यांत वाक्य, दुसऱ्यांत अलंकार, तिसऱ्यांत युक्तिवाद, चौथ्यांत परिणाम. ग्रीकांच्या अॅरिस्टॉटलनें मन वळविण्याचीं तीन साधनें सांगितलीं आहेत : वक्त्याचें शील, श्रोत्याची भावना, आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. त्या तिन्हींच्या खुणा त्यानें तीन रंगांच्या पेन्सिलींनीं केल्या होत्या. वही मोठी देखणी होती. पण ती वाचून कोणाचें मन कोठेंच वळलें नसतें. "सर, सगळं सुटं केलं आणि भाषणच नाहींसं झालं," असें तोच म्हणाला. त्यांतहि त्याला जें अधिक सलत होतें तें असें : टिळकांच्या भाषणांत त्याला अलंकारच सांपडत नव्हते.

हें खरेंच आहे. टिळक हे अलंकृत वक्ते नव्हते. वक्तृत्वाची नजाकत पाहावयाची तर 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांच्याकडे जावें. त्यांची वक्रोक्ति अशी कीं, स्तुति ऐकतां ऐकतां श्रोत्याला निंदा कळावी. आंकडे आणि संयम पाहावयाचा तर गोपाळराव गोखल्यांचीं अंदाजपत्रकावरील इंग्रजी भाषणें पाहावीं. टिळकांचें शिक्षण गणिताचें आणि कायद्याचें. ते व्यासपीठावर उभे राहत तेहि गणित सोडविण्यास उभे राहिल्यासारखे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमालें'त वक्तृत्वावर निबंध लिहिला आहे. मराठींत या कलेचा विचार तेव्हांपासून सुरू आहे. पण आपल्या साहित्यशास्त्रानें रस आणि अलंकार यांची जितकी चिकित्सा केली तितकी मन वळविण्याची केली नाहीं, असें माझें मत आहे. ती चिकित्सा आपल्याकडे न्यायशास्त्रांत झाली. म्हणून मीं त्याला पेन्सिली बाजूस ठेवावयास सांगितलें, आणि पंचावयव वाक्य समजावून दिलें : प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन.

आतां ३१ मेचें व्याख्यान घेऊं. लोकांचीं गाऱ्हाणीं अनेक : जंगलखात्याचें एक, अबकारीचें दुसरें. टिळकांनीं तीं गाऱ्हाणीं एकएक घेऊन त्यांचें मूळ एकच आहे, अधिकार आपल्या हातीं नाहीं, या ठिकाणीं आणून सोडलें. इथपर्यंत सर्व सरळ आहे. परंतु या व्याख्यानाचें मर्म माझ्या मतें पुढें आहे. "परका" कोण, असा प्रश्न त्यांनीं घातला. उत्तर दिलें तें साधारण सभेंत अपेक्षित नसलेलें. परकेपणा कातडीच्या रंगांत नाहीं, धर्मांत नाहीं. तो हितसंबंधांत आहे. या देशाच्या लोकांचें हित जो करील तो मुसलमान असो वा इंग्रज असो, परका नव्हे. आणि उदाहरण दिलें तें नगरच्याच बादशहांचें. ते येथें येऊन राहिले, या देशाचे उद्योगधंदे वाढावे अशी निदान त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांना मी परके म्हणत नाहीं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

हें उदाहरण पुण्यास दिलें असतें तर इतिहासाचें झालें असतें. नगरास दिलें म्हणून तें डोळ्यांपुढचें झालें. अहमद निजामशहानें १४९० मध्यें वसविलेलें हें गांव. भुईकोट किल्ला, मशिदी, बागा, खापरी नळांनीं आणलेलें पाणी, हें सारें त्याच राजवटीचें. न्यायशास्त्र म्हणतें कीं, दृष्टान्त असा असावा कीं त्याविषयीं सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांची बुद्धि सारखी असावी. सभेला आलेला विणकर आणि सभेंतला वकील या दोघांनाहि तो किल्ला सारखाच ठाऊक होता. प्रतिज्ञा झाली, हेतु झाला, उदाहरणहि झालें. उपनय आणि निगमन मात्र व्याख्यानांत शोधूं गेल्यास पूर्णपणें उच्चारलेलें सांपडत नाहीं. "ज्याचें हित येथें नाहीं तो परका" इतकें बोलून झाल्यावर आजचे राज्यकर्ते त्यांत बसतात कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें.

विद्यार्थ्याच्या वहींत येथें दोन रकाने मोकळे राहिले होते. त्याला वाटे कीं आपलें काम अपुरें आहे. मीं त्याला म्हटलें, "तुझे रकाने बरोबर मोकळे आहेत. ते श्रोत्यांनीं भरले." अॅरिस्टॉटललाहि हें ठाऊक होतें, वक्त्याच्या अनुमानांत एखादा अवयव गाळलेला असतो आणि ऐकणारा तो स्वतः पुरवितो, असें तो सांगतो. स्वतः पुरविलेली गोष्ट माणसाला आपलीच वाटते. तें ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. निवडणुकीच्या त्या सभेंत आपण काय काय पुरविलें होतें याचा तो हिशेब करीत असावा.

पण मुलगा हुषार. चार दिवसांनीं तो उलट तपासणी घेऊन आला. नगरचा इतिहास त्यानें चाळला होता. "सर, टिळकांचं उदाहरण अर्धं आहे," तो म्हणाला. "निजामशाहींतच दख्खनी आणि परदेशी असे दोन तट होते. १५८९ सालीं याच शहरांत परदेशी लोकांची कत्तल झाली. फिरिश्ता त्या वेळीं इथेंच होता, आणि मग इथून निघून विजापूरला गेला. परका कोण, यावर इथं रक्त सांडलेलं आहे. टिळकांनीं तें सांगितलं नाहीं. मग त्यांनीं श्रोत्यांना फसवलं कीं नाहीं?"

श्रोतेहो, हा प्रश्न मला टाळतां आला असता. पण विचारणाऱ्याचा चेहरा पाहून टाळवला नाहीं. वस्तुस्थिति त्याची बरोबर आहे. उदाहरण देणारा नेहमींच निवड करतो, आणि निवड म्हणजे कांहीं गोष्टी झांकणें. तरी माझें मत असें कीं, हें उदाहरण लटकें नाहीं. निजामशाही घराण्याचा मूळपुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुळांतला होता, अशी परंपरा खुद्द फिरिश्ता नोंदतो. मलिक अंबर तर हबशाण देशांत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला. १६२६ त तो मेला, त्याची जमीनबाबीची पद्धत मात्र त्याच्यामागेंहि या प्रांतांत नांवाजली गेली. जन्मानें त्याच्याहून परका कोण? हितानें त्याच्याहून आपला कोण? १५८९ ची कत्तल टिळकांच्या व्याख्येविरुद्ध पुरावा नाहीं. उलट रंगावरून आणि जन्मावरून परका ठरविला म्हणजे काय होतें याचा तो पुरावा आहे. पण तो सांगितला असता तर सभेला किल्ल्याऐवजीं रक्त दिसलें असतें. वकिलानें आपल्या बाजूचा कागद आधीं दाखवावा इतपतच ही निवड होती, असें मी म्हणेन. विद्यार्थ्याचें समाधान झालें नाहीं. "वकिलासमोर दुसरा वकील असतो, सभेंत कोण असतो?" असें त्यानें विचारलें, आणि याला उत्तर द्यावयास मजजवळ फारसें कांहीं नव्हतें.

दुसरा वकील मात्र या प्रकरणांत लौकरच उभा राहिला. २३ जुलै १९१६ रोजीं पुण्यास टिळकांचा साठावा वाढदिवस झाला. लोकांनीं एक लक्ष रुपयांची थैली अर्पण केली. त्याच दिवशीं सरकारची नोटीस त्यांच्या हातीं पडली. फौजदारी कार्यपद्धतीच्या १०८ व्या कलमाखालीं चांगल्या वर्तणुकीचा जामीन कां घेऊं नये, असें विचारलें होतें. पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच यांनीं वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन, मुदत एक वर्ष, असा हुकूम केला. टिळक हायकोर्टांत गेले. त्यांच्या बाजूनें बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले. १९०८ सालीं टिळकांसाठीं जामीन मागावयास उभे राहिले ते जिनाच. त्या वेळीं न्यायमूर्ति दावर यांनीं तो नाकारला होता. आणि हेच दावर १८९७ च्या खटल्यांत टिळकांचे वकील असतांना त्यांनीं टिळकांना जामिनावर सोडवून आणलें होतें! इतिहासाला असल्या अदलाबदलीची मोठी आवड दिसते.

शब्दांच्या अर्थावरून टिळक याआधीं दोनदां तुरुंगांत गेले होते. १८९७ त न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं ज्यूरीला समजावून सांगतांना अप्रीति म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ त 'केसरी'च्या मराठी लेखांचीं इंग्रजी भाषांतरें ज्यूरीपुढें ठेविलीं गेलीं. नऊ ज्यूररांत सात युरोपियन. टिळकांनीं एकवीस तास आणि दहा मिनिटें स्वतःचा बचाव केला, त्यांतला बराच वेळ भाषांतर कसें चुकलें आहे हें दाखविण्यांत गेला. सातांनीं दोषी म्हटलें, दोघांनीं निर्दोषी. १९१६ मध्यें पुन्हा मराठी व्याख्यानें इंग्रजी वेषांत कोर्टापुढें आलीं. विद्यार्थ्याच्या हातींहि प्रथम तींच आलीं होतीं, मद्रासच्या गणेश आणि कंपनीनें काढलेल्या इंग्रजी संग्रहांतून.

बेळगांवच्या व्याख्यानांत टिळकांनीं एक वेदांती दृष्टान्त दिला होता. सरकार दोन प्रकारचें. एक निर्गुण ब्रह्मासारखें अदृश्य, दुसरें मायेनें रूप घेतलेलें दृश्य. पहिल्याविषयीं आमची तक्रार नाहीं, दुसऱ्याची व्यवस्था बदलावी. देव तोच ठेवा, पुजारी बदला, असा त्याचा सोपा अर्थ. आमच्या विद्यार्थ्यानें याला "कायद्यांतून निसटण्याची युक्ति" असा शेरा दिला होता, आणि जिनांनीं कोर्टांत याच धाग्यावर युक्तिवाद केला कीं, नोकरशाहीवरील टीका म्हणजे कायद्यानें स्थापित झालेल्या सरकारवरील टीका नव्हे. न्यायमूर्ति बॅचलर यांनीं हा भेद जसाचा तसा मान्य केला नाहीं. सरकार माणसांच्या हातूनच काम करतें, आणि सनदी नोकर हे त्याचे मुख्य हात. तेव्हां सगळ्या नोकरवर्गावर सरसकट टीका केली असतां सरकारविरुद्ध अप्रीति उत्पन्न होते कीं नाहीं हा निव्वळ वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असें त्यांनीं म्हटलें. शब्दांचा स्वाभाविक परिणाम तसा होत असेल तर होते, नसेल तर होत नाहीं. मग त्यांनीं व्याख्यानें समग्र घेतलीं. एखादें वाक्य वेगळें काढून त्यावर निकाल दिला नाहीं. कांहीं जागा त्यांना बोचल्या तरी एकंदर रोख स्वराज्याच्या मागणीकडे आहे, द्वेषाकडे नाहीं, असें त्यांना दिसलें. न्यायमूर्ति शहा यांचेंहि मत हुकूम टिकत नाहीं असेंच पडलें. ९ नोव्हेंबर १९१६ रोजीं तो रद्द झाला आणि होमरूलचा प्रचार कायदेशीर आहे हें देशभर कळलें.

हा निकाल ऐकून विद्यार्थी आनंदेल असें मला वाटलें होतें. तो उलट चिडला. "म्हणजे न्यायाधीशांनींहि शब्दांवरून कांहीं ठरत नाहीं असंच म्हटलं! मग मी चार महिने रकाने कशाला आंखले?" मीं म्हटलें, "त्यांनीं शब्द टाकले नाहींत. युक्ति ओळखून तेवढ्यावर ते थांबले नाहींत, इतकेंच. तूं 'निसटण्याची युक्ति' असें लिहून पुढचें वाचणें सोडलेंस." हें मीं थोडें कठोरपणें बोललों, आणि तो दोन दिवस आला नाहीं.

आला तो एक नवेंच काम घेऊन. त्यानें इंग्रजी भाषांतर परत मराठींत आणावयास घेतलें होतें. पान पान मोठ्यानें वाचून, वाक्य दमांत बसतें कीं नाहीं हें पाहत. त्याचें म्हणणें, मूळ मराठी छापील पाठ त्यानंतर उघडावयाचा आणि आपलें किती जुळलें तें ताडून पाहावयाचें. मला ही कल्पना रकान्यांपेक्षां पुष्कळ बरी वाटली. पहिल्याच दिवशीं तो एका शब्दापाशीं अडला. परका, परकी, परदेशी, यांपैकीं कोणता ठेवावा? मीं सांगितलें, तिन्ही रीतींनीं आजीला वाचून दाखव.

दुसऱ्या दिवशीं त्यानें वृत्तांत आणला. आजी परकर शिवीत बसली होती, वाक्य तिनें पूर्ण ऐकून घेतलें, आणि म्हणाली, "परदेशी नको. लग्न होऊन या घरांत आलें तेव्हां मी परकीच होतें कीं. तुझा आजोबा आजारी पडला त्या वर्षापासून मला कोणी तसं म्हटलं नाहीं." त्यानें विचारलें, "आजी, पटतं का मग टिळकांचं?" ती म्हणाली, "तें मला आधींच ठाऊक होतं. त्यांनीं नुसतं बोलून दाखवलं." हें वाक्य त्यानें वहींत लिहून घेतलें आहे; कोणत्या रकान्यांत घालावें हें मात्र त्याला अजून ठरवितां आलेलें नाहीं. निवडणुकीच्या सभेंतल्या वक्त्याचें भाषणहि त्यानें ध्वनिमुद्रणावरून उतरून काढलें आहे. त्यांत मोकळ्या जागा पुष्कळ आहेत, असें तो सांगतो. त्या आपण कशानें भरल्या हें तो एकएक करून लिहीत आहे, आणि कांहीं उत्तरें मला वाचून दाखवावयास तयार नाहीं.

प्रबंध अर्थात् अपुराच आहे. पहिलें व्याख्यान संपलें. येत्या सोमवारपासून तो १ जूनच्या व्याख्यानाला हात घालणार आहे.